तीन पेट्या, सहा चादरी

“उत्तर नंतर सांग. आधी सरळ बस. आणि मागे कुकर शिट्ट्या देतो आहे, तो बंद करून ये.”

पडद्यावरची मुलगी निमूटपणे उठली. मुलगी ती माझ्या लेखी; वयाने पस्तिशीला आलेली संसारी बाई होती. केतकी शेवडे असे नाव तिने नोंदवले होते. पुण्यातल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी करता करता ती सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेत होती. त्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र आणि संभाव्यता यांचा गृहपाठ दर आठवड्याला द्यावा लागे आणि त्यापायी ती रडकुंडीला आली होती.

मी सोलापुरात, माझ्या घरी, माझ्या खोलीत. निवृत्तीनंतर मी घरातल्या प्रत्येक गोष्टीत लक्ष घालू लागले, तेव्हा धाकट्या सुनेने, मेघनाने, मोठ्या चतुराईने माझे नाव गृहपाठाला मदत करणाऱ्या एका संकेतस्थळावर घालून टाकले. सासूबाई संध्याकाळचे दोन तास तरी गुंततील असा तिचा हिशोब. मी गुंतले, पण माझ्या अटींवर. माझा तास चालू असताना घरात मिक्सर लागत नसे आणि थोरला मुलगा, जो साखर कारखान्यात माणसांवर ओरडून घसा बसवून घेतो, तो चपला हातात घेऊन जिना उतरत असे. इस्त्रीचे इरकली लुगडे नेसून, भिंतीवरच्या खऱ्या फळ्यावर, खऱ्या खडूने मी शिकवीत असे. मला कोणी मॅडम म्हटलेले चालत नसे. सोलापूरच्या विद्यार्थ्यांनी मला जन्मभर सबनीसबाई म्हटले होते. पुण्याच्या विद्यार्थिनीनेही तेच म्हणायचे होते.

केतकी परत येऊन बसली आणि पाठ्यपुस्तकातला प्रश्न वाचू लागली.

“‘एका विणकर संस्थेच्या गोदामात तीन बंद पेट्या आहेत. प्रत्येकीत दोन चादरी. पहिल्या पेटीतल्या दोन्ही निर्दोष, दुसरीतल्या दोन्ही सदोष, तिसरीत एक निर्दोष आणि एक सदोष...’”

मी फळ्यावर पेट्यांचे तीन चौकोन काढत होते. तिसरा चौकोन अर्धाच राहिला. तिच्याकडे पाठ ठेवूनच मी पुढचे म्हटले, “डोळे मिटून एक पेटी निवडली, डोळे मिटून तीतली एक चादर काढली. ती निर्दोष निघाली. तर त्याच पेटीतली दुसरी चादर निर्दोष असण्याची संभाव्यता किती?”

“बाई, हे पुस्तक तुमच्याकडे पण आहे?”

“कोणाचं पुस्तक?”

“प्राध्यापक ग. वा. करंबेळकर.” ती जरा घुटमळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “माझे सासरे. शेवडे माझं माहेरचं नाव. मी शिकवणी लावली आहे हे त्यांना कळू नये, म्हणून तेच घातलं.”

मी तिला मागची उत्तरे उघडायला लावली. उत्तर छापलेले होते: दोन-तृतीयांश. मी ते तिच्याकडून पुन्हा एकदा मोठ्याने वाचून घेतले आणि त्या दिवसाचा तास तिथेच संपवला. खोलीचे दार उघडल्यावर मेघनाने माझ्याकडे पाहिले आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

तो प्रश्न माझा होता. चादरी माझ्या होत्या, पेट्या माझ्या होत्या, ‘डोळे मिटून’ हे शब्दसुद्धा माझे होते. पाठ्यपुस्तकांतल्या लाल-निळ्या चेंडूंचा मला वीट आला होता, म्हणून आमच्या शेजारच्या कारखान्यातल्या चादरी घेऊन मी तो रचला होता. महाविद्यालयाची एक शिष्यवृत्ती असे. बी.एस्सी.ला असलेल्या एका विद्यार्थ्याला तिच्यातून एम.एस्सी.साठी पुण्याला पाठवीत. त्या परीक्षेची प्रश्नपत्रिका त्या वर्षी मी काढली होती.

निकालाच्या सभेत विभागप्रमुख होते करंबेळकर. प्रश्नपत्रिकेसोबत मी दिलेली आदर्श उत्तरपत्रिका हातात धरून ते प्राचार्यांसमोर, सगळ्या अध्यापकांसमोर हसले. सदोष चादरींची पेटी बाद झाली, उरल्या दोन पेट्या, दोनांतली एक, म्हणजे उत्तर अर्धा, हे शेंबड्या पोरालाही कळते, असे ते म्हणाले. आणि पुढे, “सबनीसबाईंना प्रश्नपत्रिका काढताना स्वयंपाकाची घाई झालेली दिसते.” सगळे हसले. मी उभी राहिले. म्हटले, “सर, पेट्या मोजायच्या नाहीत, चादरी मोजायच्या. निर्दोष चादरी एकूण तीन. हातात आलेली त्या तिन्हींपैकी कोणतीही असू शकते, आणि तिन्हींपैकी दोन पहिल्या पेटीतल्या आहेत.” त्यांनी मला बसायला सांगितले. सभेच्या इतिवृत्तात ‘अर्धा’ हे योग्य उत्तर म्हणून नोंदले गेले, मला मेमो मिळाला, आणि मी पुन्हा प्रश्नपत्रिका काढली नाही. पुढे ते प्राचार्य झाले, तेव्हा विभागाची खुर्ची माझ्यामागून आलेल्याला दिली गेली.

एवढ्यावर भागले असते तर कदाचित मी गिळले असते, कदाचित नसतेही. पण त्या परीक्षेत एका मुलीने दोन-तृतीयांश लिहिले होते. शमीम नदाफ. वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे. आमच्या विभागात तिच्या तोडीचे डोके मी आधी पाहिले नव्हते आणि नंतरही पाहिले नाही. त्या प्रश्नाचे तिचे गुण कापले गेले, पहिला नंबर दुसऱ्याला गेला आणि शमीम पुण्याला गेली नाही. डी.एड. करून ती अक्कलकोटकडच्या एका शाळेत लागली. दर ईदला तिचा मला फोन येतो. ती कधी त्या परीक्षेचे नाव काढत नाही. मीही काढत नसे.

आणि हा गृहस्थ माझा प्रश्न, माझ्या उत्तरासकट, स्वतःच्या नावाने छापून बसला होता. मी मनात डूख धरणारी बाई आहे. माझ्या घरात हे सर्वांना ठाऊक आहे. पण तोवर मला वाटत होते की तो माणूस चुकला आणि चुकीतच राहिला. चुकलेल्या माणसाचा राग येतो. बरोबर उत्तर खिशात घालून गप्प बसलेल्या माणसासाठी राग पुरत नाही. त्याने ते कधी खिशात घातले, हे मला त्याच्या तोंडून हवे होते; आणि मला एकटीला नव्हे, शमीमला ऐकू जाईल असे हवे होते.

पुढच्या तासाला मी केतकीला सगळे सांगितले. ती ऐकत होती आणि मध्येच तिने कॅमेऱ्याकडे पाहायचे सोडून दिले. मग तिने तिच्या घरातल्या रविवारचे सांगितले. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सासरे तिचा गृहपाठ तपासत. तिने मागितलेले नसताना. नवरा निषाद पेपर वाचत बसलेला, पोहे पुढ्यात, आणि सासऱ्यांच्या हातात लाल पेन. “प्रत्येक चुकीला एक शेरा असतो, बाई. मागच्या रविवारी म्हणाले, तू आपली रुग्णांच्या खिचडीत मीठ किती ते बघ.”

“चुकीचं उत्तर खोडल्यावर काय करतात?”

“बरोबर उत्तर लिहितात. खाली सही, तारीख.”

मला ठाऊकच होते. आमच्या विभागात त्यांनीच तो दंडक घातला होता: बरोबर उत्तर स्वतःच्या हाताने लिहून सही केल्याशिवाय कोणाचेही उत्तर खोडायचे नाही. माझ्या आदर्श उत्तरपत्रिकेतले उत्तरही त्यांनी तसेच खोडले होते, सहीनिशी.

मी तिला सांगितले की या रविवारी त्या प्रश्नापुढे ‘अर्धा’ लिहायचे. कारणही लिहायचे: एक पेटी बाद, दोन उरल्या.

“पण मला बरोबर येतंय की,” ती म्हणाली. “पहिल्यांदा काहीतरी बरोबर येतंय. तेच चूक लिहू?”

“तेच.”

मी तिच्याकडून काय मागत होते ते मला ठाऊक होते. आणखी एक रविवार खाली मान घालून बसायचे, आणि तेही येत असलेल्या गणितासाठी. मी तिची समजूत घातली नाही. शेवटी ती म्हणाली की ती लिहील, टोमणेही खाईल, मेमोचेही विचारील, पण त्यांच्याकडून कबुली काढण्याचे काम ती करणार नाही. ते मी स्वतः करायचे, त्यांच्या समोर. मुलीला कणा होता. मी हो म्हटले.

शमीमला मी एवढेच कळवले की रविवारी सकाळी फोन जवळ ठेव, एकाचा फोन येईल.

रविवारी केतकीने टॅबलेट फळांच्या टोपलीला टेकवून ठेवला. आपण एक ऑनलाइन शिकवणी लावली आहे आणि तिथल्या बाईंना तुमची तपासणी पाहायची इच्छा आहे, असे तिने सासऱ्यांना सांगितले होते. मला वाटले होते ते चिडतील. पण श्रोता मिळाला की या माणसाचे बाकी सगळे मागे पडते, हे मी विसरले होते. त्यांनी सदऱ्याची बटणे लावली आणि खुर्ची टॅबलेटच्या बाजूला वळवून घेतली. मी माझा कॅमेरा बंद ठेवला होता.

म्हातारे झाले होते. मान किंचित हलत होती, पण पेन धरलेला हात हलत नव्हता. पहिली दोन उत्तरे त्यांनी मान डोलावून सोडून दिली. तिसऱ्याला पेनाचे टोपण निघाले.

“हे पाहा आमच्या सूनबाई,” ते माझ्या दिशेने म्हणाले. “अर्धा. का, तर दोन पेट्या उरल्या. अगं, हा काय लाडू आहे, अर्धा तुला अर्धा मला करायला? काय हो बाई, असंच शिकवता का तिकडे?”

केतकीने खालच्या मानेने विचारले की मग कसे करायचे. आणि मग करंबेळकरांनी ते समजावून सांगितले. फार सुंदर सांगितले, हे मला कबूल केलेच पाहिजे. शिक्षक म्हणून तो माणूस कमी नव्हता. टोपलीतली मोसंबी दोन-दोन अशी मांडली, एकेक उचलून दाखवली. “पेट्या मोजायच्या नाहीत, चादरी मोजायच्या,” ते म्हणाले. निषादने पेपर खाली केला आणि तोही पाहू लागला. लाल पेनाने ‘अर्धा’वर काट पडली, शेजारी दोन-तृतीयांश लिहिले गेले, खाली सही झाली, तारीख पडली.

“बाबा,” केतकी म्हणाली, “मग सबनीसबाईंना मेमो का दिलात?”

पेन तारखेच्या शेवटच्या आकड्यावर थांबले. “कोण सबनीसबाई?”

मी कॅमेरा सुरू केला. “मी.”

त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिले, खाली करून पाहिले. ओळख पटली तेव्हा चेहऱ्यावर आधी हसू आले, सभासंमेलनांत भेटल्यावर येते तसे. बऱ्याच वर्षांनी भेट झाली म्हणाले. प्रकृतीची चौकशी केली.

“प्रकृती उत्तम आहे. सुनेनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या.”

“सबनीसबाई, किती जुनी गोष्ट. तुम्ही अजून तेच मनात धरून बसला आहात?”

“मी धरून बसले. तुम्ही छापून मोकळे झालात.”

निषादने वडिलांकडे पाहून, हे काय चालले आहे असे विचारले. त्याला केतकीने चार वाक्यांत सांगितले, शांतपणे, एखाद्या रुग्णाची हकिकत सांगावी तसे. करंबेळकर मोसंब्यांकडे पाहत होते.

“एकच विचारते,” मी म्हटले. “आपलं चुकलं हे तुम्हाला कधी कळलं?”

पुढे केव्हातरी, असे ते पुटपुटले. पुस्तकाच्या वेळी वगैरे. मी पुन्हा विचारले. मग निषादने विचारले, “बाबा, कधी?” मुलाने विचारल्यावर मात्र त्यांच्याने खोटे बोलवेना.

“त्याच संध्याकाळी,” ते म्हणाले. “तुमचं ते चादरी मोजायच्या म्हटलेलं डोक्यातून जाईना. घरी येऊन निषादच्या आईच्या मसाल्याच्या डब्यातल्या तीन वाट्या घेतल्या. चिठ्ठ्या केल्या, वाट्यांत टाकल्या आणि काढत बसलो. जेवायची पानं घेण्याआधी कळलं होतं.”

इतक्या वर्षांत मी त्या संध्याकाळची पुष्कळ रूपे मनात रंगवली होती. मसाल्याच्या वाट्या त्यांत नव्हत्या.

“शिष्यवृत्तीचं पत्र त्यानंतर निघालं,” मी म्हटले.

“सभेत सगळ्यांसमोर बोलून गेलो होतो. तुम्ही नंतर माझ्या खोलीत येऊन सांगितलं असतंत तर गोष्ट वेगळी होती. तुम्ही तिथं उभ्या राहिलात.”

“मी उभी राहिले, म्हणून शमीमचे गुण कापलेत?”

“वाटलं, एक मुलगी आहे,” ते म्हणाले. “वर्षा-दोन वर्षांत लग्न होऊन जाईल. कोणाच्या लक्षात राहणार आहे.”

बोलल्यावर त्यांच्या ध्यानात आले की टेबलाच्या त्या बाजूला सून बसली आहे. केतकीने पोह्यांची बशी त्यांच्यापुढून उचलली आणि आत नेऊन ठेवली. परत येऊन ती पुन्हा आपल्या खुर्चीवर बसली. सरळ बसली.

“कोणाच्या लक्षात आहे ते तिलाच विचारा,” मी म्हटले. “नंबर सांगते.”

ते घाईघाईने म्हणाले की हे नाटक कशाला, मी तुमची माफी मागतो, मोठ्या मनाने विषय संपवा. या वयात आणि काय हवे आहे तुम्हाला.

“माझी माफी मागू नका. मी देणार नाही. नंबर लिहून घ्या.”

ते हलले नाहीत. मी तो नंबर सांगितला, एकेक आकडा, वर्गात सांगावा तसा. लिहून घेतला निषादने. त्याने आपल्या फोनवर तो लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि फोन वडिलांपुढे सरकवला. “बोला, बाबा,” एवढेच तो म्हणाला.

घंटा पुष्कळ वाजली. मग शमीमचा आवाज आला, कोण बोलतंय म्हणून.

“मी करंबेळकर. सोलापूरला... कॉलेजात...”

“करंबेळकर सर? बोला ना सर.” तिने पदर सावरला असेल, असा तो आवाज होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्याकडून त्यांना काहीही मिळाले नाही.

“शिष्यवृत्तीच्या परीक्षेत एक प्रश्न होता,” ते म्हणाले. “पेट्यांचा. चादरींचा. तुझं उत्तर बरोबर होतं.”

“कधी कळलं तेही सांगा,” मी म्हटले.

त्यांनी ओठ ओले केले. “मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.”

“अच्छा,” शमीम म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, कापला नाही. मुलांना गणित सांगून सांगून येतो तसा संथ, स्वच्छ आवाज. “सर, माझं उत्तर बरोबर होतं हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक होतं का, तेवढंच मला माहीत नव्हतं. आज कळलं.” जरा थांबून तिने, तब्येतीला जपा सर, असे म्हटले आणि फोन ठेवला.

करंबेळकर आता हयात नाहीत. केतकी तिच्या पदवीच्या परीक्षेत चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाली, आणि शेवटपर्यंत माझ्याकडेच शिकली. लोक मला विचारतात, म्हणजे ज्या थोड्यांना हे ठाऊक आहे ते विचारतात, की त्या वयात, त्या माणसाला, त्याच्या मुलासुनेसमोर, हे करायची गरज होती का. मी त्यांना त्या सकाळचे उरलेले सांगत नाही. इथे सांगते.

फोन बंद झाल्यावर निषाद उठून खिडकीपाशी गेला. करंबेळकर फोनकडे पाहत तसेच बसून राहिले. त्यांची हनुवटी हलू लागली आणि ती त्यांना थांबवता येईना. केतकी टॅबलेटवर वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, “बाई, बंद करू?”

“थांब,” मी म्हटले.

मी चष्मा काढला, पदराने दोन्ही काचा नीट पुसल्या, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि लॅपटॉप जवळ ओढून घेतला. पडद्यावर माणसांचे चेहरे फार लहान दिसतात. मला त्यांचा चेहरा सावकाश पाहायचा होता.